रिकामा रकाना

आमच्या ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणायचे, तेही तोंडावर. हरवलेल्या आणि बेवारस सापडलेल्या माणसांच्या नोंदी ठेवणारं हे ऑफिस. हजारो नोंदींतून हवा तो माणूस गाळून काढणारा प्रोग्रॅम त्याने लिहिलेला, म्हणून चाळणी. मी शेजारच्या टेबलावर, नोंदी भरायला. माणूस कामाचा पक्का, पण इतका काटेकोर की समोरच्याचं डोकं उठावं. मला त्याचा फार राग यायचा. हल्ली स्वतःचाच येतो.

शोधायला येणारा कधी एक गोष्ट सांगतो, कधी नऊ. कुणाला उंची माहीत नसते, कुणाला दात कुठला पडलाय तेही तोंडपाठ असतं. त्यामुळे कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न आधी लिहून ठेवता येत नाही. जेवढे रकाने भरले तेवढ्या अटी 'आणि'ने जोडून तो त्या क्षणी तयार करावा लागतो. पण पहिल्याच अटीआधी 'आणि' आला तर प्रश्नच मोडतो. म्हणून चाळणी सुरुवातीला 'एक बरोबर एक' अशी अट घालून ठेवायचा. ती कायम खरी, मग मागे हवं तेवढं जोडत जा. ही युक्ती सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की आम्ही नवीन माणूस आला की मुद्दाम त्याला विचारायला लावायचो.

त्याचा मोठा भाऊ अकरा वर्षांपूर्वी घरातून निघून गेला, तो परत आलाच नाही. दर सोमवारी कामाला हात लावण्याआधी चाळणी दादाची माहिती भरायचा. वय, उंची, वजन, रंग, दात, खूण, सगळे नऊच्या नऊ रकाने. उत्तर यायचं, शून्य नोंदी. मग तो चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, बेवारसांत नाही म्हणजे कुठेतरी बरा असेल. या शून्यावर त्या घराने अकरा वर्षं काढली. खूण कसली होती ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आई एव्हाना विसरायला लागली होती. तिला सांभाळणारी बाई एका सोमवारी आली नाही, म्हणून तो तिला ऑफिसात घेऊन आला. दादाला शोधतोस ते मला बघायचंय, म्हणून ती हटूनच बसली. त्याने खुर्ची ओढून दिली आणि तिचं मन राखायला तिलाच एकेक विचारलं. वय? तुझ्यापेक्षा मोठा आहे तो, म्हणाली. उंची? तिने दाराच्या चौकटीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"डाव्या हाताची दोन बोटं गेलीत त्याची, मशीनमध्ये," ती म्हणाली. "मला एवढंच आठवतंय रे."

त्याने तेवढंच भरलं आणि बटण दाबलं. तीन नोंदी आल्या. तिसऱ्या फोटोवर त्याचा हात थांबला. मी उठून त्याच्यामागे जाऊन उभी राहिले.

बस स्टँडवर बेशुद्ध सापडलेला इसम. वाचा गेलेली. चार वर्षं निवाऱ्यात, तिथेच न्यूमोनियाने मृत्यू. निवारा आमच्या ऑफिसपासून बसने वीस मिनिटांवर. वयाचा रकाना रिकामा, उंचीचा रिकामा, वजनाचा रिकामा. आमचा नियमच होता, माहीत नसेल ते रिकामं सोडा, अंदाज लिहू नका. शोधणाऱ्याने सोडलेला रिकामा रकाना चाळणीने नीट सांभाळला होता. नोंदीतला रिकामा रकाना त्याला सुचलाच नव्हता. उंची विचारली आणि नोंदीत उंचीच नसली, तर कॉम्प्युटर 'कदाचित' म्हणत नाही, सरळ बाहेर काढतो. जो आपल्या माणसाबद्दल जास्त सांगेल त्याला तो कमी सापडणार, असं यंत्र त्याने हाताने बनवलं होतं आणि चार वर्षं जिवंत भावाला त्यातून दर सोमवारी गाळून टाकलं होतं.

नोंद करणाऱ्याच्या रकान्यात माझा क्रमांक होता. निवाऱ्यात एक फोन केला असता तर उंची कळली असती. मी केला नव्हता.

आईने स्क्रीनजवळ वाकून फोटो पाहिला. "हा कोण? हा नाही. पुढचा दाखव."

"पुढचा नाहीये, आई."

"मग परत शोध."

त्याने परत बटण दाबलं. तेच तिघे आले.

दुरुस्ती त्याच दुपारी झाली. प्रत्येक अटीला 'किंवा रकाना रिकामा' एवढंच जोडायचं होतं, नऊ ओळींचं काम. मग त्याने साठवलेले जुने शोध नव्याने चालवले आणि शून्यावर परत पाठवलेल्या दोनशे सहा घरांपुढे नोंदी उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, कशाला आता लोकांच्या जखमा उकरायच्या. असं म्हणायला साहेबांचं काय जातंय? चाळणीने दोनशे सहाही फोन स्वतः केले. मी करते म्हटलं तर मान हलवली. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलतो, त्याचंच मला भय वाटतं.

आईला तो दर सोमवारी घेऊन येतो. घरी तिला सांगून पाहिलंय, दोनदा. ती रडते, जेवत नाही, आणि सकाळी पुन्हा विचारते. म्हणून आता तो सांगत नाही. तिला खुर्चीवर बसवतो, सगळे नऊ रकाने भरतो आणि 'किंवा रिकामा' तेवढ्यापुरतं काढून टाकतो. शून्य आलं की ती म्हणते, बरं झालं, आणि पर्स घेऊन उठते.