उठला का?

उमरेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीत एक वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. मोबाइलवर फुटबॉलचा सामना लावलेला, पण एका ठरावीक खेळाडूकडे चेंडू आला की ते पडद्यावर तळहात ठेवायचे.

"पोरगा हाय माझा," ते हळूच म्हणाले. बाहेरगावच्या क्लबनं त्याच्याशी मोठ्या रकमेचा करार केला होता.

"मग भीती कसली?" मी विचारलं.

"पहिले पाय मुरगळला का माय हळद लावे, अन् हा पुन्हा खेळाले पळे. आता पाय गेला तर क्लबवाले घरी धाडतीन. त्याले दुसरं काहीच येत नाही."

तेवढ्यात मुलगा धडक बसून कोसळला. त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि डोळे गच्च मिटले. "तुमी पाहा ना भाऊ. उठला का?"

मुलगा गुडघा धरून तळमळत होता. समालोचक मात्र क्लबचे पैसे बुडाले का, यावरच बोलत होता. बऱ्याच वेळानं तो लंगडत उभा राहिला.

"उठला," मी म्हणालो.

मागच्या सीटवरून एक जण फोनमध्ये डोकावून हसला. "एवढे पैसे घेतेत, अन् धक्का लागला का पडतेत!"

"खरं हाय गा," ते म्हणाले. पोरगा आपला आहे, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही.