वरचे दहा मीटर

बंगालात, सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात मराठी माणसं दोनच, सर आणि मी. त्यामुळे मला गप्प बसवायचं असलं की सर मराठीत बोलत. बाकीच्यांशी इंग्रजी, शिपायाशी बंगाली आणि माझ्याशी लाडीगोडीची, घरगुती मराठी. "अगं, आपल्यात कसले वाद?" हे ते इतक्या मायेने म्हणत की पहिली काही वर्षं मला तो जिव्हाळाच वाटला. मूर्ख होते मी.

आमचं काम समुद्राच्या वरच्या थराची जाडी मोजण्याचं. वारा आणि लाटा वरचं पाणी घुसळून एकजीव करतात, ते एकजीव पाणी कुठे संपतं ते शोधायचं. जहाजावरून केबलला बांधून यंत्र खाली सोडतात आणि ते उतरता उतरता तापमान आणि खारटपणा नोंदवत जातं. त्या नोंदी माझ्या टेबलावर येत. मी स्वतः जहाजावर कधी गेले नाही. मुलगी लहान होती, आणि ती मोठी झाली तेव्हा मला कोणी विचारलं नाही.

नोंदी आल्या की वरचे दहा मीटर पुसून टाकायचे, हा सरांचा शिरस्ता. जहाजच ते पाणी ढवळतं, मग त्या आकड्यांना काय अर्थ? एरवी हे बरोबरही आहे. पण बंगालच्या उपसागरात पावसाळ्यानंतर नद्यांचं गोडं पाणी वर तरंगत राहतं, वरण ठेवून दिलं की वर निवळ येते तसं. नुसतं तापमान बघितलं तर थर चांगला जाड दिसतो. खारटपणा बघितला तर बऱ्याचदा तो त्या पुसलेल्या दहा मीटरांतच संपलेला असतो. म्हणजे जे मोजायला जहाज पाठवलं, तेच आम्ही पुसत होतो.

तीन पावसाळे मी हे सांगत राहिले. जहाजापासून लांब एक होडी न्या आणि छोटं यंत्र हाताने सोडा, एवढंच माझं म्हणणं. सर हसून चहा मागवत. शेवटी मी सगळं आलेखांसकट लिहून काढलं आणि एक प्रत त्यांना दिली. पुढच्या मोहिमेत होडी गेली. थर मी म्हटलं होतं तिथेच सापडला. सरांचा शोधनिबंध छापून आला त्यात माझं नाव शेवटी, आभारांत, जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या शेजारी. "पुढच्या वेळी तुझंच नाव पहिलं हं," सर म्हणाले. अर्थात मराठीत.

पुढची वेळ आली नाही. गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. समारंभात इंग्रजीत म्हणाले, वरचे दहा मीटर टाकू नका हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आलोय. खूप टाळ्या पडल्या. माझं ते टिपण पर्समध्ये होतं, तारखेसकट. आयत्या बिळावरच्या या नागोबासमोर आज ते उभं राहून वाचायचं, हे दमदमच्या घरून निघतानाच ठरवलं होतं.

मी उठले, तेवढ्यात सर खाली उतरून माझ्याकडेच आले. डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "राग नाही ना गं तुला?"

सगळे कौतुकाने बघत होते. आम्ही काय बोलतोय ते तिथे कोणालाच कळत नव्हतं.

"नाही, सर," मी म्हणाले, आणि वाकून नमस्कार केला.