उचललेला आवाज

कामोठ्यात सेक्टर वसले तेव्हा प्रणितच्या आज्याची शेती त्यात गेली. त्यानंतर गावातल्या पोरांना नाव काढायचं तर दोनच वाटा उरल्या, क्रिकेट नाहीतर बांधकाम. प्रणितला दोन्ही जमलं नाही. चेंडू हातून सुटायचा, आणि काकांच्या साइटवर मजुरांवर आवाज चढवायला त्याची जीभ रेटत नसे. शेवटी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे तो लागला. माल तपासायचा, ट्रक भरून घ्यायचा, गाडी सोडायची. नोकरी बरी होती, पण तिथे त्याचं मत कोणी विचारत नसे.

विचारत ते रविवारी. कॉलेजातल्या अवधूतने त्याला एका खेळाची चटक लावली होती. दुपारी चार-पाच जण टेबलाभोवती बसत. अवधूत गोष्ट सांगायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कोणी तलवारबाज, कोणी चोर, कोणी जादूगार, आणि अडचण आली की आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवत. जादूला मात्र नियम होते, चांगलं जाडजूड पुस्तकभर. कुठला मंत्र किती लांब पोचतो, तो म्हणताना हात मोकळे लागतात का, दोन मंत्र एकमेकांवर आदळले तर काय होतं. प्रणितला ते सगळं तोंडपाठ होतं. ज्याच्या शिकवणीच्या वर्गात हे लोक जमत तो कल्पेश वाद झाला की म्हणायचा, "पुस्तक कशाला उघडता? प्रणितला विचारा ना." हे एक वाक्य कानावर पडावं म्हणून प्रणित आठवडा ढकलायचा.

लग्न झालं तरी रविवार सुटला नाही. बायको दिपिका मोरा बंदरातली, कोळ्यांच्या घरातली. पनवेलला एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिने कधी कुरकुर केली नाही, पण प्रणितची आई जनी एकदा म्हणालीच, "आयतवारचा तू घरान नसतस. तिला पन घेऊन जा ना."

प्रणितला ते आवडलं. आपला मान बायकोने डोळ्यांनी बघावा, असं त्याच्या मनात होतंच. त्याने तिला नियम समजवायला घेतले. थोड्या वेळाने तिने जांभई दाबली.

"एवढं सगळं पाठ करायचं? माझ्या पात्राला काय येतं तेवढंच सांग ना."

मग त्यानेच तिच्यासाठी सारजा नावाचं पात्र बेतलं, आणि पुस्तकाच्या मागच्या पानांतली एक शक्ती तिला दिली. आवाज उचलणं. कानावर पडलेला एखादा आवाज जपून ठेवायचा आणि हवा तिथे, एकदाच, सोडायचा. ही शक्ती कोणी घेतच नसे. त्याचा स्वतःचा जादूगार अग्निदत्त आगीचे लोळ फेकायचा. सोपं आहे, तुला जड जाणार नाही, असं तो म्हणाला. खरं तर नवखीच्या हाती फार काही नको, असंही त्याला वाटलं होतं.

पहिल्याच रविवारी सगळे एका किल्ल्याच्या दारात अडले. पहारेकरी हलेना. अग्निदत्तने आग लावली तर अख्खा किल्ला जागा होणार. बराच वेळ चर्चा झाली, तेव्हा दिपिकाने विचारलं, "मास्तर, मघाशी खालच्या गावात एक म्हातारी मुलाला जेवायला हाक मारत होती. तो मुलगा पहाऱ्यावर असतो म्हणालात ना?"

"म्हणालो खरा," अवधूत म्हणाला. त्याने ते नुसतं वातावरणासाठी घातलं होतं.

"मी ती हाक उचलली होती. आता त्या झाडामागे सोडते."

फासे चांगले पडले. पहारेकरी भाला टेकवून "आलो गं" म्हणत उतारावर गेला, आणि सगळे सरळ आत शिरले. कल्पेश हसून हसून टेबलावर आडवा झाला. प्रणितही हसला, पण त्याला ते कुठेतरी खुपलं.

पुढे ते वाढतच गेलं. दिपिका कुठे काय उचलून ठेवील याचा नेम नसे. बाजारातलं कुत्र्याचं भुंकणं, सावकाराच्या किल्ल्यांचा खुळखुळाट, सरदाराचं खोकणं. अवधूत आता गोष्ट सांगताना तिच्याकडे बघून सांगायचा. हे प्रणितने पाहिलं आणि मनात ठेवलं. कल्पेश तिला "वहिनी, तुमच्या पोतडीत आज काय?" असं विचारायचा. नियम मात्र कोणी विचारेनासं झालं, कारण ती जे करायची त्याला नियम फारसा लागतच नव्हता. घरी ती त्याच्यासाठी बोंबील तळायची, हसून बोलायची, आणि याला तिचं हसणंही टोचायचं. ही काही न वाचता आली आणि माझ्या पाटावर बसली, हेच डोक्यात. बाजारात ट्रक भरत असताना तो मोबाइलवर तीच मागची पानं पुन्हा पुन्हा वाचू लागला.

एक ओळ सापडली. आवाज सोडलेल्या जागी त्याच वेळी दुसऱ्या कोणी मंत्र म्हटला, तर आवाज विरून जातो.

पुढच्या खेळात त्यांना एका कैद्याला सोडवायचं होतं. सारजाने सेनापतीच्या तोंडचा "बेड्या काढा" हा हुकूम उचलला होता. तो ऐकून शिपाई कैद्याला मोकळं करणार, असा बेत होता. दिपिकाने आवाज सोडला, आणि प्रणित सहज बोलावं तसं बोलला.

"अंधार फार आहे. अग्निदत्त दिव्याचा मंत्र म्हणतो."

अवधूतने त्याच्याकडे पाहिलं, पुस्तक चाळलं आणि मान हलवली. आवाज विरला. उजेडात सारजा उघडी पडली, शिपायांनी तिला धरलं. बाकीचे कसेबसे निसटले.

"अरेरे," प्रणित म्हणाला.

परतताना दोघं चालत होते. भाजीवाल्यांची गर्दी ओलांडल्यावर दिपिकाने विचारलं.

"तो नियम तुला ठाऊक नव्हता?"

"लक्षातून गेला."

"तुझ्या लक्षातून?" ती म्हणाली. एवढंच. आणि ती पुढे चालू लागली. ज्या गोष्टीसाठी तो नावाजलेला होता, त्याच गोष्टीने त्याला पकडून दिलं होतं.

पुढच्या रविवारी ती माहेरी मोऱ्याला गेली. त्याच्या पुढच्याही. टेबलावर पुन्हा प्रणितच सगळ्यांत जाणता होता, आग फेकत होता, जिंकतही होता, पण खेळाला चव नव्हती. "वहिनी कधी येणार?" कल्पेश विचारायचा. अवधूत म्हणायचा, "सारजाला किती दिवस कोठडीत ठेवू?" ती समोर नसतानाही खेळ तिचाच होता. प्रणितचा जळफळाट उलट वाढला. आणि एके दिवशी त्याने पाहिलं, की घरच्या कपाटावरचं नियमांचं पुस्तक जागेवर नाही. ती ते बरोबर घेऊन गेली होती.

त्यानंतरच्या रविवारी ती आली, त्याच्या शेजारी बसली.

"मास्तर, पकडली गेले तेव्हा सारजाने अग्निदत्तचा मंत्र ऐकला होता. तो मी उचलला. उचललेल्या आवाजात मंत्र असेल तर मंत्राचा गुणही येतो, असं मागच्या पानावर आहे."

अवधूतने बघितलं. होतं. ही ओळ प्रणितच्या नजरेतून खरोखरच सुटली होती. पहारेकऱ्यांनी दार उघडताच काळोख्या कोठडीत प्रणितच्याच मंत्राचा लख्ख उजेड पडला, पहारेकऱ्यांचे डोळे दिपले आणि सारजा बाहेर पडली.

कल्पेश टाळी देता देता थांबला. "एक मिनिट. दुसऱ्याच्या मंत्राने आवाज विरतो, हे प्रणितला माहीत असणारच. मग त्या दिवशी..."

सगळे प्रणितकडे बघू लागले.

"नव्हतं माहीत," दिपिका शांतपणे म्हणाली. "मी विचारलं होतं त्याला. सगळं कुणाला पाठ असतं?"

ती त्याला वाचवत होती, आणि त्यासाठी त्याला काय किंमत मोजावी लागेल हे तिला पुरतं ठाऊक होतं. खरं बोलावं तर तो लबाड ठरत होता, आणि तिचं म्हणणं मान्य करावं तर त्याचा रविवारचा मान जात होता.

"हो. तो नियम मला माहीत नव्हता," तो म्हणाला.

"चालतं रे," अवधूत म्हणाला आणि गोष्ट पुढे गेली. त्या दिवसापासून वाद झाला की कल्पेश पुस्तक उघडू लागला.

घरी आल्यावर प्रणित म्हणाला, "मी मुद्दाम केलं होतं."

"कळलं होतं मला," दिपिका म्हणाली. "पुन्हा करू नकोस. राग आला तर तोंडाने सांग."

पुढे अवधूत नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा मास्तरची जागा सगळ्यांनी दिपिकाला दिली. प्रणितला कोणी विचारलंही नाही. तो अजून खेळतो, तिने विचारलं तर नियम सांगतो, नीट सांगतो. तिची गोष्ट रंगात आली, सगळे तिच्याकडे पुढे झुकून ऐकू लागले, की कधी कधी त्याला ते पुन्हा खुपू लागतं. मग तो "चहा सांगून येतो" म्हणतो, खाली उतरतो, टपरीवर ऑर्डर देतो आणि सेक्टरला एक चक्कर मारतो. दिपिका त्याला थांबवत नाही. तो परत येईपर्यंत त्याच्या पात्राची पाळी ती पुढे ढकलून ठेवते.