बसायची रजा

यूटर्नकाका कधीच कुठल्या शिखरावर पोचले नाहीत. दरवर्षी ऐन हिवाळ्यात हिमालयात जायचे आणि दरवर्षी अर्ध्यातून परत यायचे. पाडव्याला सिंगापूरची आमची मराठी मंडळी जमली की श्रीखंडाच्या पंगतीत कोणीतरी हमखास विचारायचं, "काय काका, यंदा कुठून परत?" आणि काका तोंडातली पुरी सावकाश संपवून म्हणायचे, "अगदी जवळून. मला शिखर दिसलं, शिखराला मी दिसलो. ओळख झाली, बास!" हे नाव त्यांना आम्हीच ठेवलं होतं. त्यांना ते मनापासून आवडायचं.

काका मूळचे साताऱ्याचे. बरीच वर्षं बोटीवर मरीन इंजिनियर होते, मग सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी धरली. मी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या आयटीत, म्हणून मला ते 'मॅनेजरबाई' म्हणायचे. रविवारी सकाळी आम्ही चार टाळकी त्यांच्याबरोबर बुकित तिमाहची टेकडी चढायचो. त्या दमट उकाड्यात हा माणूस पायात बर्फातले जाडजूड बूट आणि पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाचं पोतं घालून यायचा! रोज फिरायला येणारे एक चिनी आजोबा त्यांना बघून हसायचे. "अंकल, नो स्नो हियर लाह!" काका हात हलवून सांगायचे, "कमिंग, कमिंग!"

बर्फाचा धडा मात्र काकूंच्या ओट्यावर व्हायचा. नवा भिडू आला की काका त्याला आधी क्लेमेंटी भागातल्या आपल्या घरी न्यायचे. मोठ्या ट्रेमध्ये मैदा दाबून बसवायचे, त्यावर साखरेचा थर, त्यावर पुन्हा मैदा. मग ट्रे एका बाजूनं हळूहळू उचलायचे. बराच वेळ काहीच व्हायचं नाही, आणि मग एकदम वरचा सगळा मैदा साखरेवरून सर्रकन घसरून ओट्यावर. "बघितलंस? कडाक्याच्या थंडीत तळचं बर्फ असं साखरेसारखं होतं. कोरडं. कोणी कोणाला धरत नाही. वर ताजं बर्फ पडलं की ते त्याच्यावर नुसतं टेकून बसतं. वरून सगळं कसं छान गुळगुळीत. आणि तू जातोस नाचत." काकू ओटा पुसता पुसता करवादायच्या, "दरवेळी माझीच साखर! हिमालयात मिळत नाही का तुम्हाला?"

आता आम्हा नोकरदारांची गोची अशी, की आमचा मोसम बर्फ ठरवायचं नाही, एचआर ठरवायचं. चायनीज न्यू इयरच्या सुट्या आल्या की त्याला पुढेमागे रजा जोडायची, विमानाची तिकिटं काढायची आणि थेट गढवाल गाठायचा. म्हणजे डोंगर सगळ्यात वाईट असताना. आणि तिकीट परतीचं, म्हणजे दिवस मोजून मापून. काका एवढी एक चूक करायचे नाहीत. गणपतीला रजा नाही, ताप आला तरी गोळी घेऊन ऑफिसला, पण एप्रिल ते मार्चच्या रजेतले चार-पाच दिवस बाजूला ठेवलेले असायचे. त्याला ते 'बसायची रजा' म्हणत. बर्फ पडलं की तंबूत नुसतं बसून राहायला. "चढायला दम लागतो गं, पण बसायला रजा लागते."

एकदा मीही गेले होते त्यांच्याबरोबर. वरच्या कँपवर असताना रात्रभर बर्फ पडलं, आणि सकाळी लख्ख ऊन. मी सॅक भरून तयार, आणि हे महाशय पत्ते पिसत बसलेले. माझं डोकंच फिरलं. "काका, सोमवारी माझं नवं सॉफ्टवेअर गो-लाइव्ह होतंय! अख्खी टीम थांबलीय!" ते वर न बघता म्हणाले, "मॅनेजरबाई, सोमवार दर आठवड्याला येतो." दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या वाटेवरच्या घळीत समोरचा सगळा उतार आपसूक खाली आला. त्या आवाजानं माझ्या हातातले पत्ते खाली पडले. मला वाटलं आता व्याख्यान ऐकावं लागणार. काका एवढंच म्हणाले, "उचल पत्ते. पान तुझं आहे."

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर साताऱ्याला काकांच्या आई गेल्या. एकुलता एक मुलगा. काका दहावा करून परत येणार होते, पण तेरावा होईपर्यंत राहिले. सुतकात बसले, सगळं रीतीनं केलं. परत आल्यावर रविवारी टेकडीवर मला म्हणाले, "बसायची रजा आईकडे बसण्यात गेली बघ." मी म्हटलं, मग यंदा नका जाऊ. "नुसतं जाऊन येतो गं. मी काय शिखर गाठणारा माणूस आहे का?"

हेही खरंच होतं. शिखराच्या नादी ते त्याही वेळी लागले नाहीत. आम्हाला कोणालाच रजा मिळाली नव्हती, म्हणून काका आणि त्यांचा नेहमीचा गढवाली वाटाड्या बलवंत, दोघंच होते. वरची लक्षणं बघून काका नेहमीसारखे मागे फिरले आणि कँपवर सुखरूप पोचले. त्या रात्री बर्फ पडलं. खाली गावात जायला तीच घळ ओलांडायची होती. पुढचं मला बलवंतनं फोनवर सांगितलं, रडत रडत. "हमने बोला, साहब, दो दिन बैठ जाते हैं. आप ही ने तो सिखाया है." काकांनी घळ नीट न्याहाळली, असं बलवंतनं सांगितलं. मग म्हणाले, "मंडे को जहाज आ रहा है, बलवंत. मैंने ज़बान दी है."

धोक्याच्या जागी एकानं पलीकडे पोचल्याशिवाय दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही, हा काकांचाच नियम. त्याप्रमाणे बलवंत अलीकडे थांबला, म्हणून तो वाचला. काका घळीच्या मध्यावर होते. बलवंतनं हातानं, भांड्यानं, मिळेल त्यानं उकरलं. काही सापडलं नाही.

माझा संताप संताप झाला, अजून होतो. अहो, दुरुस्तीला येणारं जहाज! आधीच बिघडलेलं! दोन दिवस धक्क्याला उभं राहिलं असतं तर काय बुडणार होतं? शिखरापायी माणूस गेला असता तर निदान म्हणता आलं असतं की वेड होतं. सोमवारपायी गेला. आणि तो सोमवार आला, जहाज आलं, दुसऱ्या कोणीतरी ते बघितलं.

काकू इथे काकांच्या नोकरीवर मिळालेल्या पासवर, म्हणजे परवान्यावर, राहत होत्या. नोकरदारच राहिला नाही तेव्हा तो पासही रद्द झाला, आणि बर्फ वितळून काही कळायच्या आत त्यांना घर आवरून जाणं भाग पडलं. साताऱ्याचे भटजी विचारत होते, दिवस कधीपासून धरायचे? देहच हाती नाही, तर कशाचा दहावा आणि कशाचा तेरावा! आईसाठी तेरा दिवस बसलेल्या माणसासाठी कोणी बसायचं कधी, हेच ठरेना.

निघायच्या आदल्या दिवशी मी क्लेमेंटीला गेले. काकू ओट्यावरचे डबे रिकामे करत होत्या. साखरेचा डबा माझ्या हातात दिला. "हा तू ने. मला नको." मग ओट्याला टेकून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सासूबाईंचा दहावा झाल्यावर हे निघाले होते गं. बॅग भरली होती. मीच म्हटलं, एवढे राहिलात, तेरावा करूनच चला. लोक काय म्हणतील?"

मी डबा पिशवीत टाकला.

"मी त्यांना साताऱ्याला बसवलं नसतं," काकू म्हणाल्या, "तर तिकडे तंबूत बसले असते ना गं ते?"

बसले असते. रजा शिल्लक असती तर पत्ते पिसत नक्की बसले असते. मला हे माहीत होतं आणि त्यांनाही. "नाही हो काकू," मी म्हटलं, आणि उरलेले डबे पुसायला घेतले.