माळवदावरून काढलेलं लगीन

आता ही फजिती तुम्हाला कुठून सांगू? लेन्सपासूनच सांगतो. या सगळ्यात तीच एक शहाणी होती.

तेव्हा मानवतला माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाची कॅसेट काढायचं वेड नुकतंच आपल्याकडे पोचलेलं, आणि परभणीचे व्हिडिओवाले येऊन माझी गिऱ्हाइकं पळवत होते. मी इरेला पेटलो. एक जुना व्हिडिओ कॅमेरा मिळवला. कॅमेरा झकास, फक्त त्याला लेन्स नव्हती. हसू नका! लेन्स माझ्या घरात होती. वडील डोक्यावर काळं फडकं घेऊन ज्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे, त्याची जर्मन लेन्स. तिनं अख्खी खानदानं एकेका फोटोत बसवली होती. लेथवर पितळेचं कडं करून घेतलं, लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि बायकोला स्टुडिओतल्या खुर्चीवर बसवून बघितलं.

काय लख्ख चित्र! नाकातल्या मुरणीचा खडान् खडा दिसत होता. दिसत मात्र नाकच होतं. बायकोनं विचारलं, बाकीची मी कुठं गेले? मी म्हणालो, खोली लहान पडते गं, मांडवात मागं सरकलं की मावशील.

खरी गोम अशी, की वडिलांच्या कॅमेऱ्यात तळहाताएवढी काच असायची आणि या कॅमेऱ्यात नखाएवढी जागा. लेन्स अख्खी भाकरी वाढणार, पण याच्या तोंडात मधला एकच घास जाणार. हे मला कळलं, पण वालूरला, भर मांडवात कळलं.

लग्न माझ्या मावशीच्या पोरीचं. पोरीचा एकुलता भाऊ बाळू फौजेत. मावशीनं माझा हात धरला.

"दिगू, बाळूला रजा मिळाली हाय, पर गाडीचा भरवसा न्हाई. भैनीवर अक्षता पडलेल्या त्याला दिसल्या पायजेत बग."

मी म्हणालो, "मावशे, एकूण एक दाणा दाखवतो."

कॅमेरा डोळ्याला लावला तर नवरदेवाची एक मुंडावळी आणि अर्धी मिशी. मागं सरकलो. पूर्ण मिशी. आणखी मागं. एका आजीच्या पायावर पाय पडला, तिनं माझं कूळ उद्धरलं. मांडव संपला, रस्ता ओलांडला, तरी नवरीला घेतलं की नवरदेव बाहेर. पण माघार घेईल तो दिगू कसला? रस्त्यापलीकडे वावराच्या टोकाला सपाट मातीच्या छताचं एक घर, म्हणजे आपलं माळवद होतं. कॅमेरा, स्टँड आणि रेकॉर्डरचं ओझं घेऊन शिडीनं वर चढलो. मांडवात बोभाटा झाला, व्हिडिओवाला पळून जायलाय म्हणून.

पण वरून काय दिसलं म्हणता! नवरा, नवरी, अंतरपाट, मामा, सगळे चौकटीत चपखल. वडिलांची आठवण येऊन मला खरंच भरून आलं.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि रस्त्यावर धुरळा उठला. सेलूकडची एसटी! थांबा पुढं पाराजवळ, म्हणजे क्षणभर मांडव झाकून निघून जाईल. तरी माझा धीर निघेना. मी दोन्ही हात हलवून ड्रायव्हरला खुणा केल्या, की जा, लवकर जा.

आता आपल्याकडे लग्नघराजवळ कुणी बसला हात केला तर त्याचा अर्थ काय? थांबा, अक्षता घेऊन जा! ड्रायव्हर भला माणूस. त्यानं बस बरोबर मांडवासमोर उभी केली. मी आणखी जोरात हात हलवले. त्याला वाटलं, किती आग्रह करायलेत. त्यानं इंजिनच बंद केलं.

बायका अक्षतांची ताटं घेऊन बसकडे धावल्या. झाडून सगळे प्रवासी मांडवाकडच्या खिडक्यांना चिकटले. मला दिसत होत्या फक्त त्यांच्या पाठी. खाली उतरावं तर पुन्हा मिशीच मिळणार! म्हणून मी दात-ओठ खाऊन बटण दाबून उभा राहिलो. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, मग बस हलली. पाराजवळ बाळू उतरला आणि बॅग घेऊन पळत आला. मावशी त्याला बोलू न देताच रडत म्हणाली, उशीर झाला बाळा, पण आपल्या दिगूनं समदं काढलंय.

सत्यनारायणाच्या दिवशी अंगणात टीव्ही मांडून कॅसेट लावली. मंगलाष्टकं ऐकू येत होती चिमणीएवढी, आणि पडद्यावर बस. स्वच्छ, ठसठशीत बस. पत्र्याचा खिळान् खिळा दिसत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एवढ्यात मावशी टीव्हीपाशी सरकली. बसमधल्या एका मानेवर बोट ठेवून म्हणाली, "ही मान माज्या बाळूची हाय!" खरंच त्याची होती. गर्दीत दाराकडं वाट मिळेना म्हणून तो खिडकीबाहेर हात काढून अक्षता टाकत होता. मावशीनं तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं.

मला जरा हुरूप आला. बाळूला विचारलं, चित्र तरी कसं आलंय?

बाळू शांतपणे म्हणाला, "दादा, म्या बशीत बसून समदं लगीन बगितलं. तू मातर लग्नाला येऊन नुसती बस बगितलीस."