बा मागच्या दारानं यायचे

लॉंग माउंटन गावातल्या आमच्या घराला दोन दारं होती, आणि माझे वडील पुढच्या दारानं कधीच घरात आले नाहीत. त्यांना आम्ही बा म्हणायचो. उसाच्या कामावरून आले तरी मागून, कुणाच्या लग्नाहून आले तरी मागून. मागची वाट म्हणजे कुंपणाची भिंत आणि स्वयंपाकघराचा पत्रा यांच्यामधली बोळ, जाड माणसाला तिरकं होऊनच जावं लागे. लहानपणी मला वाटायचं, पायाला चिखल असतो म्हणून. पण बा रविवारी धुतलेले कपडे घालून देवळातून यायचे, तेव्हाही त्या बोळात शिरायचे.

गणपतीच्या दिवशी तर हे साऱ्या गावाला दिसायचं. मूर्ती घेऊन येणाऱ्या कर्त्या पुरुषाला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं आणि मग आत घ्यायचं, ही आमच्याकडची पद्धत. आमचे पणजोबा कोकणातून ऊस तोडायला या बेटावर आले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेली. बाळंतपणाहून परतलेली लेक असो की दवाखान्यातून सुटलेला म्हातारा, लांबून येणाऱ्याला तुकडा ओवाळल्याशिवाय घरात घेत नसत. वाटेत अंगाला जे काही चिकटलं असेल ते बाहेरच राहावं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या घरी मात्र मूर्ती शेजारी घेऊन यायचा, आई त्याच्यावरून तुकडा ओवाळायची, आणि घरचा यजमान तेवढ्यात मागून आत येऊन देव्हाऱ्याशी उभा असायचा. "तुमच्याकडं गणपती पुढनं येतो नि उंदीर मागनं," असं शेजारी म्हणायचा. सगळे हसायचे. बासुद्धा हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा.

वर्षातून एकदा बा वेगळेच दिसायचे. नोव्हेंबरात, आमच्याकडे उन्हाळा चढत असताना, ते लोकरीचा काळा कोट घालायचे, त्यावर पदकं लावायचे आणि बस धरून क्युरपिपला जायचे. तिथल्या स्मारकापाशी युद्धात मेलेल्यांसाठी दरवर्षी कार्यक्रम असे. बिगुल वाजे, मोठे लोक फुलांची चक्रं ठेवत, सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहत. बा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर इजिप्तला गेले होते. लढाईला आमच्याकडे सगळेच क्रिओल या बेटावरच्या बोलीतला शब्द वापरतात, लागेर. बांच्या तोंडून लागेरबद्दल मी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट ऐकली.

"आमाला बंदूक दिलीच नाय," ते म्हणाले होते. "कुदळ दिली. हितं बी कुदळ, तितं बी कुदळ."

ते रस्ते खणत, जहाजांतून पेट्या उतरवत, मेलेल्यांसाठी खड्डे करत. मग पदकं कशाची, असं मी विचारलं. तेव्हा मी कॉलेजात होते, सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. बा म्हणाले, "गेलो हुतो, त्याची." आणि कोटाला ब्रश मारत राहिले.

मला युद्धाचा तिटकारा होता, आणि आजही आहे. जगातल्या सगळ्या लढाया उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी सुरू केल्या आणि कुदळवाल्यांनी निस्तरल्या, हे मला बांच्या त्या एका वाक्यातून जेवढं कळलं तेवढं पुस्तकांतून कळलं नाही. पुढे नोकरीसाठी मी बो बासेंला खोली घेतली. तिथून राजधानीला, पोर लुईला जाताना काही उपऱ्या बायका दिसायच्या. दूरच्या आमच्या बेटांवरून इंग्रजांनी त्यांना उठवलं होतं, कारण तिथं परक्या फौजेला विमानतळ हवा होता. घर, नारळ, कुत्री, मेलेल्यांच्या कबरी, सगळं मागे टाकून त्यांना आमच्या बंदरावर आणून सोडलं, आणि पत्र्याच्या खोपट्यांत त्या तशाच म्हाताऱ्या होत होत्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या रस्त्यावर धरणं धरून बसल्या, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर बसले. कामावर बोलणी खाल्ली. त्याचं काही वाटलं नाही.

त्याच वर्षी बांनी मला पहिल्यांदा काही मागितलं. त्यांचे गुडघे गेले होते, आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. ते म्हणाले, "औंदा माज्यासंगं चल क्युरपिपला. एकटं बसमधी चढवत नाय."

मी म्हणाले, "बा, दुसरं काहीही सांगा. ज्यांनी त्या बायकांना बेटावरून हाकललं, त्यांचेच साहेब तिथं फुलं ठेवायला येतात. त्या रांगेत मी उभी राहणार नाही."

बा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मग नको येऊ, मो तिफी," ते म्हणाले. मो तिफी म्हणजे माझी पोर. ते फार मवाळ झाले की क्रिओलमध्ये बोलायचे.

हे मी आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे बांची धाकटी बहीण, प्लेन मान्येनला राहायची, तोंडानं फटकळ. ती ब्रेदची पालेभाजी निवडत होती, हातातली जुडी तिनं तशीच खाली टाकली. "तुला ठावं नाय? तुज्या आईनं बी सांगितलं नाय?" आणि मग तिनं सांगितलं.

बा एकटे गेले नव्हते. त्यांचा पाठचा भाऊ त्यांच्याबरोबर गेला होता. भाऊ नको म्हणत होता, बांनीच त्याला चल म्हटलं. आजीला शब्द दिला होता की मी त्याला परत घेऊन येईन. तिकडे बंदरात पेट्या उतरवताना दारूगोळ्याची एक पेटी फुटली आणि काका गेला. त्याच्यासाठी खड्डा बांनीच खणला. लागेर संपल्यावर बा लॉंग माउंटनला आले. आधी बातमी आली होती, मग माणूस. आजी पुढच्या दारात उभी होती. त्या दिवसांत तांदूळ मिळत नव्हता, घरोघरी मक्याची भाकरी असे, आणि ताटात मक्याच्या भाकरीचा तुकडा होता, पाण्याचा तांब्या होता. आत्या तेव्हा परकरात होती, तिनंच ताट आणून दिलं होतं. बा उंबऱ्यापाशी येऊन थांबले. आजीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं, ताट जमिनीवर ठेवलं आणि आत निघून गेली.

"तुकडा ओवाळला नाय," आत्या म्हणाली. "मग दादा तितंच हुबा राह्यला. मग मागं वळला नि बोळातनं आत आला. त्या दिवसापास्नं त्यो तसाच येतो."

आजी पुढे वीस वर्षं जगली. काकाचं नाव घरात घ्यायचं नाही, हा तिचा हुकूम. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आजीला जाळून आलो तरी तो हुकूम घरात तसाच राहिला. मला त्या बाईची कीव येते आणि रागही येतो, आणि दोन्हींचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तिचा पोरगा गेला होता. पण दुसराही गेला होता की, आणि तो समोर उभा होता.

तेव्हा मला समजलं की बा क्युरपिपला का जातात. तिथं दोन मिनिटं सगळे मिळून गप्प राहतात. घरात आम्ही वर्षभर गप्प होतो, पण ते गप्प राहणं काकासाठी नव्हतं.

माझं मत बदललं नाही. मी बांना सांगितलं, बसमध्ये चढवते, उतरवते, पण त्या रांगेत येणार नाही, छातीला त्यांचं ते युद्धाच्या आठवणीचं लाल फूल लावणार नाही. बा म्हणाले, "चालंल." क्युरपिपला नेहमीसारखी भुरभुर होती. मी रस्त्याच्या पलीकडे एका दुकानाच्या वळचणीला छत्री धरून उभी राहिले. साहेबांची भाषणं ऐकून माझं डोकं फिरत होतं. त्याग, शौर्य, पुढच्या पिढ्या. त्या म्हाताऱ्यांपैकी एकही जण भाषणाकडे बघत नव्हता. बा टोपी काढून खाली बघत होते, कुदळ मारायच्या आधी माणूस जमिनीकडे बघतो तसे. मला एकाच वेळी ते सगळं स्मारक उखडून टाकावंसं वाटत होतं आणि धावत जाऊन त्यांच्यावर छत्री धरावीशी वाटत होती. मी दोन्ही केलं नाही.

सकाळीच मी मक्याची भाकरी करून झाकून ठेवली होती. घरी पोचल्यावर मी झपाझप पुढे गेले, पुढचं दार उघडलं, आणि बा अंगणात येईपर्यंत ताट आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. लागेर चांगली होती असं मला म्हणायचं नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं की बा, आता आत या.

बा थांबले. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"कुणी शिकवलं?"

"आत्यानं सांगितलं."

"मक्याची हाय?"

"हो."

पदकांवर पावसाचं पाणी होतं. मग बा म्हणाले, "येकच तुकडा आणलायस, मो तिफी. आमी दोगं गेलो हुतो." आणि भिंतीला हात धरत धरत बोळात शिरले.

मला इतका संताप आला की मी ताट आपटलं. मग उंबऱ्यावर बसून रडले. आत बांनी चहाला आधण ठेवल्याचा आवाज येत होता. त्यांनी दोन कप केले आणि माझा कप बाहेर आणून दिला. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पुढच्या थंडीत बा दवाखान्यात गेले आणि तिथेच संपले. गाडीनं त्यांना घरी आणलं. अंगणात गाव जमलं होतं. त्यांच्याबरोबरचे चार म्हातारे कोट घालून आले होते, घडी घातलेला झेंडा घेऊन. अंगावर घालू का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "झेंडा नको. तुम्ही मात्र इथं, त्यांच्याजवळ उभे राहा." त्यातला एक म्हणाला, "कि पू फेर," म्हणजे काय करणार आता, आणि झेंडा काखेत मारून त्यानं सलाम केला. बाकीच्यांनीही केला. मला त्यांचा राग आला नाही.

शेजारच्या चौघांनी बांना उचललं आणि बांच्या सवयीप्रमाणे बोळाकडे वळले. पण आडव्या माणसाला त्या बोळातून नेता येईना. ते मागे आले आणि पुढच्या दाराकडे निघाले. मी म्हणाले, "थांबा."

मयताच्या घरात चूल पेटलेली नव्हती, भाकरी कुठून असणार? फळीवर आदल्या दिवशीचा पाव होता, कडक झालेला. मी तो ताटात घेतला आणि मोडून दोन तुकडे केले. एक वयस्क माणूस म्हणाला, "अगं, जित्या माणसाला ओवाळत्यात. मेलेल्याला नाय." कुणीतरी हो हो म्हटलं. पुढे काय म्हणतात, काय करतात, तेही मला आठवेना.

आत्यानं ताट माझ्या हातातून घेतलं. आजीनं ताट खाली ठेवलं त्या दिवशीच्या घरातली आता तीच एक उरली होती. तिनं एक तुकडा बांच्यावरून ओवाळला आणि डावीकडे टाकला. मग बांच्या शेजारच्या मोकळ्या जागेवरून दुसरा ओवाळला आणि उजवीकडे टाकला. तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर सांडलं. मग तिनं बांचं नाव घेतलं, आणि त्यानंतर काकाचं. काकाचं नाव मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलेलं ऐकलं.

"या रे," आत्या म्हणाली. "दोगं बी आत या."