डब्यावरचं हरण

बंदुकीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कतारी चाचांनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

मी कतारमध्ये, अल अझीझियातल्या एका घरी ड्रायव्हर आहे. साहेब शिकारीसाठी परदेशी निघाले होते. साफ करून आलेली रिकामी रायफल काउंटरवर होती. परवाना दाखवता दाखवता ते मला म्हणाले, "गेल्या वेळचा गोळ्यांचा डबा तूच उचलला होतास ना? तोच सांग." मला आठवत होतं फक्त डब्यावरचं हरण. सातवीत शाळा सुटलेली, त्यात नोकरीची धास्ती. मी हरणाकडे बोट दाखवलं.

शेजारी करक चहा फुंकत बसलेले चाचा मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "फोटो देखके पसंद किया? शादी भी ऐसेच किया क्या?" मग त्यांनी काठीनं रायफल दाखवली. "पहले बंदूक को पूछ."

नळीवर कोरलेलं त्यांनी मला डब्याशी ताडून बघायला लावलं. आकडे सारखेच होते, पण पुढची अक्षरं वेगळी. भलती गोळी घातली तर नळी फुटून साहेबांचा डोळा जाऊ शकतो, हे ऐकताच मी हरणाचा डबा झटकन दूर सारला. दुकानदारानं सगळं जुळणारा डबा काढला. त्यावर चित्रच नव्हतं.

मी वरमलो. चाचा हसले. "डरता है, अच्छा है. इस दुकान में मेरेको बहादुर लोग का डर लगता है."

चाचा, तुम्ही रोज तिथेच बसता म्हणे. सुट्टीवरून येताना गुहागरची फणसपोळी आणीन तुमच्यासाठी. वेष्टन बघून नाही, चाखून.